मूर्तींना पुरेल एवढा पडदा

बेंगळुरूच्या टाउन हॉलजवळ सादर पत्रप्पा रोड आहे. गावात त्याला पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. एसपी रोड म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं. वायरी, सोल्डरच्या कांड्या, ट्रान्सफॉर्मर, पंख्याचे कपॅसिटर विकणाऱ्या या गल्लीत नव्वदच्या दशकात संगणकाचे सुटे भाग आले आणि दुकानांच्या पायऱ्यांवर मॉनिटरची खोकी रचली जाऊ लागली. कॅबिनेट, मदरबोर्ड, फ्लॉपी ड्राइव्ह यांची निवड दुकानदारावर सोपवून मोकळं होता येई. मॉनिटरचं तसं नव्हतं. दिवसाचे आठ-दहा तास ज्याच्याकडे टक लावून बसायचं ती हीच वस्तू, आणि एकदा घेतली की आतला प्रोसेसर दोनदा बदलला तरी ती टेबलावरून हलत नसे.

दुकानातला पहिला प्रश्न इंचांचा असे: चौदा, पंधरा की सतरा? इंग्रजीत पत्रं लिहिणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला तेवढा प्रश्न पुरे होता. ज्याला मराठी किंवा कन्नड मजकूर जुळवायचा होता, त्याला मात्र रेघा मोजाव्या लागत.

त्या काळचा मॉनिटर म्हणजे काचेची मोठी निर्वात नळी. मागच्या चिंचोळ्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो. पुढच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढत वरून खाली उतरतो, तळाला पोचला की पुन्हा वर जातो, आणि हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा चालतं. पडद्यावरचं अक्षर म्हणजे या रेघांवर उजळलेले ठिपके. म्हणून एका अक्षराच्या वाट्याला उभ्यात किती रेघा येतात, यावर सगळं अवलंबून.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्यासोबतच्या हिरव्या अक्षरांच्या ५१५१ मॉनिटरवर उभ्यात ३५० रेघा होत्या. मजकुराच्या ओळी २५. म्हणजे प्रत्येक ओळीला १४ रेघा. त्याच पीसीला रंगीत मॉनिटर जोडला तर रेघा २०० वर येत आणि ओळीच्या वाट्याला फक्त ८ उरत. रोमन लिपीचं मोठं ‘ए’ सात रेघांत सुखानं बसतं. आता ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. म च्या पायाशी दीर्घ ऊकार. त च्या डोक्यावर वेलांटी, तिच्या माथ्यावर रफार, त्याला खेटून अनुस्वार. मधून सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा. आठांतली एक रेघ शिरोरेषेला गेली, दोन वरच्या वेलांटी-रफाराला, दोन खालच्या ऊकाराला. उरलेल्या तीन रेघांत म आणि भ, घ आणि ध यांतला फरक दाखवायचा. ते होण्यासारखं नव्हतं.

खिळे जुळवणाऱ्यांना ही अडचण नवी नव्हती. काना-मात्रा-रफारांच्या जोड्यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या फुगते, आणि ती आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही डोकं घातलं होतं. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्रणाक्षरांचा अभ्यास तीन खंडांत मांडला, तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. पण छापखान्यात एक सोय होती. दोन ओळींत दाटी झाली तर शिशाची पट्टी सरकवून अंतर वाढवता येई. पडद्याच्या रेघा मात्र कारखान्यातून ठरून येत. त्यात पट्टी सरकवायला जागा नव्हती, म्हणून ज्याला त्या रेघा पुरत नव्हत्या त्याला खरेदीच्या वेळीच विचार करावा लागे.

हा विचार ज्यांना फार लवकर करावा लागला त्यांतला एक माणूस थायलंडचा होता, हे आपल्याला जवळचं वाटावं. थाई लिपीही ब्राह्मीच्याच वंशातली. तिथेही स्वरचिन्हं अक्षराच्या वर आणि खाली चढतात. व्हॅन सुवन्नुकुल याला आपला प्रबंध थाईत लिहायचा होता आणि पडद्यावर काय उमटायचं ते ठरवणारं पीसीतलं आयबीएमचं कार्ड ते करू देत नव्हतं. त्यानं १९८२ मध्ये स्वतःचं कार्ड बनवलं. त्याचं नाव हर्क्युलिस. मॉनिटर तोच, हिरवा. पण या कार्डामुळे त्याच्यावर ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांपैकी कुठलाही ठिपका हवा तेव्हा उजळता येऊ लागला. अक्षराची चौकट मोडली आणि कुठलीही लिपी काढता येऊ लागली. पुढची कित्येक वर्षं भारतातल्या हजारो संगणकांत हर्क्युलिसच्याच धर्तीची कार्डं बसत होती.

इकडे भारतात पडद्यावर काही उमटवण्याची हौस त्याहून जुनी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफरॅक’ १९६० साली सुरू झाला, तेव्हा त्याला आलेख आणि अक्षरं दाखवणारी एक कॅथोड किरण नळी जोडलेली होती. पुढे आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, आणि १९८३ च्या दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरीचं टर्मिनल लोकांसमोर मांडलं गेलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि ‘जिस्ट’ कार्ड तिथून देशभर गेलं. हे कार्ड पीसीत खोचलं की वर्डस्टार, डीबेस यांसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरी, कन्नड, तमिळ दाखवू लागत. या कार्डाचं मोल त्या काळात कचेऱ्यांतून मराठी टंकणाऱ्यांनाच खरं कळलं असेल.

बेंगळुरूत मोठे पडदे आले ते लिपीसाठी नव्हे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये मिलर्स रोडवर आपलं केंद्र उघडलं, उपग्रहाचा स्वतंत्र दुवा जोडला आणि इथले अभियंते चिपची रचना करू लागले. त्याच्या वर्षभर आधी हलक्या लढाऊ विमानासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी स्थापन झाली होती. चिपचा नकाशा किंवा विमानाच्या पंखाचा छेद चौदा इंचांत पाहणं म्हणजे किल्लीच्या भोकातून वाडा पाहणं. अशा कामाच्या वर्कस्टेशनना एकोणीस इंची नळ्या लागत आणि उभ्यात ९०० च्या आसपास रेघा. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयातीची वाट थोडी सैल केली होती, तरी असा पडदा घेणं ही संस्थेच्याच आवाक्यातली गोष्ट होती.

गावात तयार होणाऱ्या वस्तूही होत्या. अमळनेरच्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून १९४५ साली उगवलेली विप्रो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूतून संगणकाच्या धंद्यात उतरली. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला हा धागा माहीत असतो. इतरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये कृष्णधवल टीव्हीच्या नळ्या बनत, आणि त्याच कंपनीचा काचेच्या कवचांचा कारखाना आपल्याकडे तळोज्याला होता. पडदा म्हणजे शेवटी काच, निर्वात पोकळी आणि फॉस्फर, हे जालहळ्ळीच्या कामगाराला कुणी सांगायची गरज नव्हती.

नव्वदच्या दशकात डीटीपीनं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या पद्धतीनं, चित्र बदललं. पेजमेकर १९८५ चा, विंडोज ३.१ आणि तिच्यासोबतचे ट्रूटाइप फाँट १९९२ चे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि बेंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती ही दोन नावं महाराष्ट्रातल्या छपाईच्या धंद्यात सर्वतोमुखी झाली. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतचा कितीतरी मराठी मजकूर बेंगळुरूत तयार झालेल्या फाँटमध्ये जुळला आहे. कन्नडसाठी के. पी. राव यांनी उच्चारावर आधारलेला कळफलक तयार केला होता. लिपीचा प्रश्न सॉफ्टवेअरनं सुटत आला होता. आता अडत होतं ते पडद्यापाशी.

गणित करून पाहण्यासारखं आहे. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच. विंडोज इंचाला ९६ ठिपके धरते, म्हणजे पूर्ण पान खऱ्या आकारात पाहायला १,१२० च्या वर रेघा हव्यात. चौदा इंची व्हीजीए मॉनिटरला ४८० रेघा. त्यातल्या मेनू आणि पट्ट्यांना साठेक गेल्या. अख्खं पान बघायचं तर ते सदतीस टक्क्यांवर आणावं लागे, आणि १२ पॉइंटच्या अक्षराला उरत सहा रेघा. म्हणजे डीटीपी ऑपरेटर पुन्हा १९८१ च्या रंगीत पडद्याच्याही खाली घसरला. त्या आकारात आधी अनुस्वार जातो, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ एक होतात, आणि शेवटी शिरोरेषांच्या करड्या पट्ट्या उरतात. पान मोठं करून वाचावं तर निम्मंअर्धं पान पडद्याबाहेर. मग वर-खाली सरकवत राहायचं आणि शेवटी लेझर प्रिंटरवर प्रूफ काढून तांबड्या पेनानं चुका शोधायच्या.

१०२४ रेघांचा एकवीस इंची मॉनिटर समोर असेल तर हेच पान पंचाऐंशी टक्क्यांवर येतं आणि त्याच अक्षराला जवळजवळ चौदा रेघा मिळतात. चौदा रेघांत ‘मूर्तींना’ वाचता येतं. मोठ्या पडद्यानं मराठीला काय दिलं, ते या एका आकड्यात आहे.

अमेरिकेत हे दुखणं ओळखून रेडियस नावाच्या कंपनीनं मॅकिन्टॉशसाठी उभा पडदा काढला होता. मूळ मॅकिन्टॉश घडवणाऱ्या चमूतले बरेल स्मिथ आणि अँडी हर्ट्झफेल्ड तिच्या संस्थापकांत होते. पान उभं, म्हणून पडदाही उभा. झेरॉक्सच्या ‘आल्टो’ यंत्रानं १९७३ मध्येच ते करून दाखवलं होतं. आपल्याकडच्या छोट्या डीटीपीवाल्यासमोर असले पर्याय नव्हते. त्याला एसपी रोडवर जे होतं त्यातून निवडायचं होतं, आणि तिथे खरी पारख लागे.

पहिली निवड रंग की काळंपांढरं. रंगीत नळीत काचेच्या मागे बारीक भोकांची धातूची जाळी असते. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून एक रंग होतो. एकाच रंगाच्या दोन शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर ०.३९ मिलिमीटर असेल तर चौदा इंची पडद्याच्या रुंदीत साधारण पावणेसातशे ठिपके मावतात, ०.२८ असेल तर साडेनऊशेच्या आतबाहेर. त्यापेक्षा बारीक तपशील कार्डानं पाठवला तरी काचेवर तो पुसटच होणार. काळ्यापांढऱ्या नळीत जाळीच नसते. म्हणून वेलांटीचं टोक, र चा पाय, ख मधली फट तिच्यावर कितीतरी लखलखीत दिसते. पुस्तकाच्या कामाला कागदासारख्या पांढऱ्या पडद्याचा मोनो मॉनिटर घेणाऱ्यांची निवड योग्यच होती. रंगाचा मोह टाळून त्यांनी अक्षर निवडलं.

दुसरा सापळा पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेला असे: १०२४ गुणिले ७६८. एवढ्या रेघा एका दमात सेकंदाला साठदा ओढायच्या तर नळीला सेकंदाला सुमारे अठ्ठेचाळीस हजार रेघा ओढता आल्या पाहिजेत. स्वस्त मॉनिटरला साडेपस्तीस हजारच जमत. मग तो युक्ती करी. आधी एक-तीन-पाच अशा विषम रेघा, मग दोन-चार-सहा. याला इंटरलेस म्हणत. छायाचित्र यात बरं दिसतं. पण एकाच रेघेएवढी जाड आडवी ओळ असेल तर ती फक्त विषमांत किंवा फक्त समांत येते, आणि सेकंदाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस वेळाच उजळते. डोळ्याला ती थरथरताना दिसते. रोमन अक्षरांत अशा आडव्या रेघा तुटक असतात. देवनागरी तर शिरोरेषेवरच उभी आहे. म्हणजे याच मॉनिटरवर इंग्रजी पान थोडं लुकलुके आणि मराठी पानाची प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे अख्खी थरथरे. दिवसभर त्यासमोर बसणाऱ्याचं डोकं संध्याकाळी का दुखतं, हे त्याला चष्म्याच्या दुकानात कळणार नव्हतं. ‘नॉन-इंटरलेस’ हे दोन शब्द पाहून घेणं हीच त्या खरेदीतली सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

कार्डातली मेमरीही मोजावी लागे. १०२४ गुणिले ७६८ ठिपके आणि २५६ रंग म्हणजे ७६८ किलोबाइट. ५१२ च्या कार्डावर रंग सोळावर येत. एका रंगात तेच पान ९६ किलोबाइटमध्ये मावतं. आणि इंचांचा घोळ वेगळाच: आकडा नळीचा सांगितला जाई, त्यातला कडेचा भाग प्लॅस्टिकच्या चौकटीमागे दडलेला असे. सतरा इंच म्हणून घेतलेला पडदा मोजपट्टी लावली की सोळाच्या आतबाहेर भरे. अमेरिकेत यावरून कोर्टकज्जे झाले, मग खरी दिसणारी लांबी छापायची पद्धत पडली.

घरी किंवा प्रेसमध्ये आणल्यावर आणखी एक अडचण उभी राही, आणि ती जमिनीखालची होती. इलेक्ट्रॉनांचा झोत पृथ्वीच्या चुंबकत्वानं किंचित वाकतो. नळी जितकी मोठी तितकं त्याला लांब जावं लागतं आणि चूक वाढत जाते. म्हणून मोठे रंगीत मॉनिटर उत्तर गोलार्धासाठी, दक्षिण गोलार्धासाठी आणि विषुववृत्ताजवळच्या देशांसाठी वेगवेगळे जुळवून पाठवले जात. भारताची गंमत अशी की चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकावरून जातं; थुंबा हे ठिकाण अग्निबाणांसाठी त्याचमुळे निवडलं गेलं आणि १९६३ मध्ये तिथून पहिला अग्निबाण उडाला. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला नेलं, ते याच नाजूक बलासाठी. बेंगळुरू थुंब्याच्या बऱ्याच जवळ. तिथे चुंबकीय बल जमिनीला जवळजवळ समांतर असतं, आणि त्याचा आडवा भाग लंडनच्या सुमारे दुप्पट. युरोपसाठी जुळवलेला मोठा मॉनिटर तिथे आणला तर कोपऱ्यात जांभळट-हिरवट डाग पडू शकत. टेबल पूर्वेकडून उत्तरेकडे वळवलं तर चित्र किंचित तिरकं होई आणि शिरोरेषा उतरणीला लागे. मग डीगॉसचं बटण दाबायचं, आतली तारेची गुंडाळी घुमून चित्र थरथरायचं, डाग जायचे. तिरकसपणा मात्र चित्र फिरवण्याच्या वेगळ्या सोयीनं काढावा लागे. ती स्वस्त मॉनिटरना नसे.

त्यात शेजारी सीव्हीटी. विजेचा दाब वरखाली होई म्हणून जड लोखंडी गाभ्याचा हा ट्रान्सफॉर्मर भारतातल्या कित्येक संगणकांखाली बसलेला असे. त्याचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा बदलतं आणि पडदा सेकंदाला साठदा रंगतो. दोन्हींतला फरक दहा. म्हणून चित्र सेकंदाला दहा हेलकावे घेई, पाण्यातल्या सावलीसारखं. मेकॅनिक येऊन मॉनिटर उघडे, काही सापडत नसे. सीव्हीटी दोन फूट लांब सरकवला की अक्षरं शांत. ज्यांनी हे स्वतः शोधून काढलं त्यांनी ते गावभर सांगितलं, आणि बरंच केलं.

सोनीच्या ट्रिनिट्रॉन नळीची गोष्टही अशीच तोंडोतोंडी फिरे. तिच्यात जाळीऐवजी उभ्या तारा असतात, आणि त्या हलू नयेत म्हणून एक-दोन अतिशय बारीक आडव्या तारा ताणलेल्या असतात. पांढऱ्या पानावर त्यांची पुसट सावली दिसते. नवीन घेणारा ती पाहून मॉनिटर परत न्यायला निघे. तो दोष नव्हता. त्या नळीचं चित्र उजळ आणि धारदार होतं त्याची ती किंमत होती.

नंतर बेंगळुरूनंच उलट दिशेनं एक प्रयोग केला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांनी मिळून सिम्प्युटर घडवला. खेड्यातल्या माणसाच्या तळहातावर मावणारा, त्याच्या भाषेत बोलणारा संगणक. त्याच्या मूळ रचनेतला पडदा ३२० गुणिले २४० ठिपक्यांचा, काळापांढरा. २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावानं तो बाजारात आला. तो बनवण्याचं काम भारत इलेक्ट्रॉनिक्सनं केलं. काळ्यापांढऱ्या पडद्याचा दहा हजारांच्या घरात, रंगीत पडद्याचा त्याहून महाग. २४० रेघांत देवनागरीच्या जेमतेम पंधरा-सोळा ओळी बसतात. या मंडळींनी ते ओळखून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय केली होती. पडदा लहान ठेवला, तेव्हा कानाला कामाला लावलं. हा विचार फार प्रामाणिक होता, आणि सिम्प्युटर खपला असता तर बरं झालं असतं.

आज एसपी रोडवर सत्तावीस इंची सपाट पडदे भिंतीसारखे उभे असतात. त्यातला फोर-के घेतला तर उभ्यात २,१६० रेघा, आणि नव्वद अंशांत वळवून उभा केला तर ३,८४०. एकवीस इंची जुनी नळी तीस किलोच्या आसपास भरे. हा पडदा एका हातानं उचलून रिक्षात ठेवता येतो.

त्या जुन्या नळ्यांपैकी काही तुमकूर रस्त्यावरच्या दोब्बसपेटला पोचल्या. पी. पार्थसारथी यांनी तिथे २००५ साली ई-परिसर हा ई-कचऱ्याचा कारखाना सुरू केला, देशातला पहिला अधिकृत. नळी हाताळायचं काम जपूनच करावं लागतं. मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसं असतं, पुढच्या काचेत जवळजवळ नसतं, म्हणून दोन्ही काचा सांध्यावर वेगळ्या कराव्या लागतात. आत साठलेली वीज आधी उतरवावी लागते. मग पुढच्या काचेच्या आतला फॉस्फर भुकटीच्या रूपात शोषून घेतात. वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवणाऱ्या नळीवर त्या चित्राची छाया जळून बसलेली असते आणि नळी बंद असतानाही ती उजेडात दिसते: वरच्या कडेला मेनूची पट्टी, खाली मजकुराच्या आडव्या ओळी. भुकटी निघून गेली की काच पुन्हा कोरी होते आणि इतर काचेच्या ढिगावर जाते.